तटबंदीचे पंचवीस गुण

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये माती मिळत नाही, हा शोध त्र्यंबकरावांना ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी लागला आणि त्यांनी तो लेकीला अशा सुरात ऐकवला, जणू तिनेच ती कुठेतरी लपवून ठेवली होती.

“बाबा, अहो घराभोवती सगळी मातीच आहे की,” वल्लरी लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणाली.

“ते लॉन आहे. खणलं की सोसायटीचं पत्र येतं, हे तूच सांगितलंस. आणि दुकानातली ती पिशवीतली माती म्हणजे नुसता भुसा. मुठीत दाबली की मातीचा लाडू वळला पाहिजे. हिचा चिवडा होतो.”

पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला मातीची पारख असणारच. नाशिककडचे कालवे, चाऱ्या आणि बंधारे यांत त्यांची हयात गेली होती. उपअभियंता म्हणून निवृत्त झाले तरी कुठे उतार दिसला की पाणी कुठून कुठे जाईल, हे ते आधी बघत. ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले, तेव्हा गाडीतून उतरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “कंपाउंड कुठाय?” इथल्या घरांना मागच्या अंगाला भिंतच नाही, एकाचं अंगण कुठे संपतं नि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे गवत कापणाऱ्यालाच ठाऊक, हे कळल्यावर त्यांना दोन दिवस धड झोप लागली नव्हती. आपल्याकडे माणूस प्लॉट घेतो आणि घराच्या आधी भिंत घालतो. ही तर उघड्यावर राहायची तऱ्हा झाली, असं त्यांचं मत पडलं. त्र्यंबकरावांची मतं पक्क्या बांधकामाची असत.

माती हवी होती ती किल्ल्यासाठी. तिथलं मराठी मंडळ दर दिवाळीला मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा घेई. परीक्षक गाडी घेऊन घरोघर हिंडत, गुण देत आणि पहिला नंबर येईल त्याला ढाल मिळे. त्र्यंबकरावांची नात आन्या दहा वर्षांची. गेल्या साली तिने थर्माकोलचा किल्ला केला होता आणि आजोबांनी नाशिकहून व्हिडिओ कॉलवर सूचनांचा भडिमार केला होता. नंबर आला नाही. या साली आजोबा जातीने हजर होते, पण आल्याआल्या आन्याने त्यांना सांगूनच टाकलं.

“आजोबा, धिस इज माय लास्ट किल्ला, ओके? नेक्स्ट इयर मी मिडल स्कूलमध्ये. तिथे कोणी किल्ला नाही करत. इट्स फॉर लिटल किड्स.”

हे बोलणं त्र्यंबकरावांना फार लागलं. नोकरी संपली, तीन वर्षांपूर्वी सुमित्राबाई गेल्या आणि इथे लेकीच्या घरात तर दिवेसुद्धा नुसत्या बोलण्याने लागत. त्यांना कोणी काही करायला सांगतच नसे. किल्ला हे एकच काम असं होतं, ज्यासाठी नात त्यांना आपणहून हाक मारायची. तो शेवटचाच असेल तर ढाल घेऊनच संपला पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि मग त्यांना माती दिसली. मागच्याच घराच्या अंगणात, उघडी, काळीभोर आणि ओलसर. लसणाचा वाफा होता आणि वाफ्यात एक ठेंगणी म्हातारी उकिडवी बसली होती. डोक्यावर निळी टोपी, पुढे निळं एप्रन आणि पाठीवर मेंढीच्या कातड्याचं आवरण, त्याच्यावर भरतकामाच्या सात गोल चकत्या ओळीने शिवलेल्या. भिंत नसल्यामुळे त्र्यंबकराव सरळ चालत गेले, वाकले, मूठभर माती उचलून त्यांनी दाबली. लाडू वळला. म्हातारीने तो बघितला, मग स्वतः एक ढेकूळ घेऊन दाबलं. तिचा लाडू जास्त गोल झाला. ओळख झाली ती अशी.

पुढचं बोलणं मुलींच्या तोंडून झालं. म्हातारी म्हणजे आन्याच्या वर्गातल्या मेईची आजी. यांगआजी आपल्या बोलीत बोलत, मेई ते इंग्रजीत आन्याला सांगे आणि आन्या तिच्या मराठीत आजोबांना. आजी चीनच्या युन्नान प्रांतातल्या लीच्यांग नावाच्या जुन्या गावच्या, नाशी समाजाच्या. बाबा नाशिकचे आणि त्या नाशी, एवढ्यावरच वल्लरीने दोघांना भाऊ-बहीण ठरवून टाकलं.

“ती विचारतेय, माती कशाला हवी?” आन्या म्हणाली.

“किल्ल्याला.”

“तुम्ही त्या किल्ल्यात राहिलायत का, विचारतेय.”

“मी? अगं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा किल्ला तो!”

मेई आणि आजी यांच्यात बरंच बोलणं झालं. मग आन्याने निकाल सांगितला. “ती म्हणते, जिथे राहिला नाहीत ते का बांधता? माती तिची, सो गाव पण तिचं. लीच्यांग बांधायचं. नाहीतर माती नाही.”

त्र्यंबकरावांनी आयुष्यभर ठेकेदारांशी वाटाघाटी केल्या होत्या, पण इतकी अडवणूक कुणी केली नव्हती. ते नाही म्हणणारच होते, तेवढ्यात आजींनी काटकीने जमिनीवर गावाचा नकाशा काढला आणि एका कडेला उंचवटा दाखवला. ती सिंहटेकडी, मेईने सांगितलं. सिंह म्हटल्यावर त्र्यंबकरावांचा जीव भांड्यात पडला. टेकडीवर आपण किल्ला चढवू, पायथ्याशी हिचं गाव राहील बापडं, असा हिशेब करून त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वल्लरीच्या मागच्या अंगणात काम सुरू झालं. त्र्यंबकरावांनी बाह्या सरसावल्या, तोच यांगआजींनी एक घडीचं स्टूल आणून त्यांच्यापुढे मांडलं.

“बसा म्हणते,” आन्या म्हणाली. “मेई सांगते, त्यांच्या गावात काम बायका करतात. आजोबा लोक म्युझिक वाजवतात आणि बर्ड्स घेऊन बसतात. तुम्ही बर्ड बघा.”

त्र्यंबकरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मेपलच्या फांदीवर एक खार होती. “खार आहे फक्त.”

आन्याने विचारून घेतलं. “खार चालेल म्हणते.”

नोकरीतही त्र्यंबकराव खुर्चीवरच बसत, पण तिथे हुकूम त्यांचे सुटत. इथे बसायचं त्यांनी आणि हुकूम सोडायचे आजींनी. आजी मात्र दमत नसत. पाठीवरच्या त्या सात चकत्या म्हणजे तारे. मेई म्हणाली, आमच्याकडे बाई तारे मावळायच्या आत कामाला निघते आणि पुन्हा तारे उगवल्यावर घरी येते, म्हणून तिने ते पाठीलाच बांधून घेतलेत. वल्लरीला हे भलतंच पटलं. “मलाही द्या एक,” ती म्हणाली, “लॅपटॉपच्या बॅगेवर लावते.”

घरांना खोके कमी पडले नाहीत. वल्लरीच्या ऑनलाइन खरेदीने अख्खं गाव वसलं असतं. अडचण होती कौलांची. लीच्यांगची छपरं राखी कौलांची, टोकांशी किंचित वर वळलेली. त्यावर आजींनी उपाय काढला सूर्यफुलाच्या बियांचा. त्या दिवसभर बिया फोडून खात आणि टरफलं डब्यात टाकत. टरफलावर टरफल अर्धं चढवत चिकटवलं की हुबेहूब कौलारू छप्पर. बसल्या जागी करण्याजोगं म्हणून बिया खायचं काम त्र्यंबकरावांकडे आलं. तीन दिवसांत त्यांनी अठरा घरांची कौलं खाऊन काढली. प्रत्येक छपराच्या कोनाखाली आजींनी कागदाचे दोन मासे टांगले. मासा म्हणजे पाणी, आणि पाणी आहे तिथे आग येत नाही. हा विचार पाटबंधारे खात्याला मान्य होता.

पण आजींनी काटकीने जमिनीवर पाण्याच्या वाटा काढून दाखवल्या आणि त्र्यंबकराव स्टुलावरून उठलेच. उत्तरेच्या डोंगरातून प्रवाह येतो, गावाच्या तोंडाशी त्याचे तीन फाटे होतात, त्यांचे आणखी फाटे, आणि शेवटी घराघरासमोरून पाणी खेळतं. “मुख्य कालवा! शाखा! वितरिका! चाऱ्या!” त्र्यंबकराव बोटं नाचवत ओरडले. आठशे वर्षांपूर्वी कुणी तरी हे आखलं आणि अजून चालतंय, या विचाराने त्यांना भरून आलं. त्यांच्या स्वतःच्या चाऱ्या दर पावसाळ्यात फुटत. आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पाण्यापुरतं उठायची परवानगी दिली.

मग काय विचारता. बागेच्या नळाची नळी आली, उतार मोजला गेला, चाऱ्यांना आतून फॉइल लागलं. आजींनी वल्लरीच्या तीन स्टीलच्या वाट्या एकाखाली एक पायरीने बसवल्या. ही गावची तिहेरी विहीर. वरच्या कुंडातलं पाणी प्यायचं, ते ओसंडून खाली आलं की त्यात भाजी धुवायची आणि तिसऱ्यात कपडे. त्र्यंबकरावांनी चिखलाचे हात सवयीने पहिल्याच वाटीत बुचकळले. आजींनी फाटकन त्यांच्या हातावर मारलं. उपअभियंत्याच्या हातावर आजवर कुणी मारलं नव्हतं. दोघी मुली गवतावर लोळून हसल्या आणि त्र्यंबकराव रागवायचं विसरले.

गावाच्या मधोमध बाजारचौक. त्याला पाच रंगांच्या दगडांची फरसबंदी हवी होती. त्र्यंबकरावांनी वल्लरीच्या स्वयंपाकघरातून मूग, मटकी, चवळी, अख्खे उडीद आणि राजमा आणून सुंदर चौक बसवला. या चौकाची आजींनी एक गंमत सांगितली. बाजार उठला की कालव्यावरची फळी खाली सोडायची. पाणी तुंबून वर चढतं, चौकात पसरतं आणि दिवसभराचा केरकचरा घेऊन गल्ल्यांमधून गावाबाहेर निघून जातं. झाडू नाही, झाडूवाला नाही. फळी म्हणून वल्लरीचं उलथनं रोवलं. पहिल्या चाचणीत पाणी अस्सं झरझर फिरलं की त्र्यंबकरावांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वल्लरी खिडकीतून ओरडली, “बाबा, चौकाला मोड आलेत!”

पस्तीस वर्षं पिकांना पाणी दिलेल्या माणसाने मूग भिजवले होते आणि पुढे काय होईल याचा विचार केला नव्हता. “उसळ करू का?” वल्लरीने विचारलं. यांगआजी बघायला आल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना त्र्यंबकरावांच्या स्टुलावर बसावं लागलं. मोड उपटायचे नाहीत, असं त्यांनी फर्मावलं.

रोज काम थांबायच्या वेळी आजी एक खेळ करत. उजव्या हाताची दोन बोटं गवतावर टेकवून टपटप चालवत गावात आणत. हा चहा लादलेला घोडा. त्यांच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगत, की चहाचे तांडे तिबेटकडे जाताना याच गावात उतरायचे. आजींचा घोडा दक्षिणेकडून येई, मेईचा उत्तरेकडून आणि आन्याचा जिकडून मनात येईल तिकडून. कालव्यावर पाणी पिऊन सगळे घोडे चौकात जमत. टेकडीवरचा किल्ला राहूनच गेला होता आणि नाशिकहून बॅगेत घालून आणलेले मातीचे मावळेही आता टेकडीवरून खाली उतरले होते. भालेवाला बाजारात उभा होता. एक पहारेकरी तिसऱ्या वाटीपाशी वाकलेला दिसे.

“हा काय करतोय इथे?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“लाँड्री,” आन्या म्हणाली.

असे दिवस चालले होते आणि खरं सांगायचं तर त्र्यंबकरावांना इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं. मग गुरुवारी मंडळाची ईमेल आली. परीक्षक शनिवारी सकाळी अकराला येणार. सोबत गुणांचा तक्ता होता आणि त्यात पहिलीच ओळ: तटबंदी, बुरूज व दरवाजे, पंचवीस गुण.

त्र्यंबकरावांनी खिडकीतून गावाकडे नजर टाकली. तटबंदी कुठे होती? नव्हतीच. इतके दिवस त्यांना हे खटकलंही नव्हतं, याचंच त्यांना आता आश्चर्य वाटलं. बिनभिंतीचं गाव म्हणजे पंचवीस गुणांचं भगदाड. मुली शाळेत होत्या आणि यांगआजींना त्यांचा मुलगा डोळे तपासायला घेऊन गेला होता. अडवणारं कुणी नव्हतं. त्र्यंबकरावांनी गॅरेजमधून बागेच्या जुन्या विटा काढल्या, चिखल कालवला, आतून प्लास्टिक लावलं आणि दुपारपर्यंत गावाभोवती फिरवली एक भक्कम तटबंदी. कालवे आत-बाहेर जायला खालून नळ्या ठेवल्या. चार कोपऱ्यांना चार बुरूज, समोर एकच दरवाजा आणि तोही बंद. पाठ मोडली, पण काम देखणं झालं होतं.

संध्याकाळी यांगआजी आल्या. त्यांनी भिंत बघितली, गावाला एक फेरी मारली आणि खाली बसल्या. मग दोन बोटं गवतावर टेकवली. घोडा टपटप निघाला, भिंतीशी आला आणि थांबला. जरा वेळ तिथेच उभा राहिला. मग आजींनी हात वळवला आणि घोडा आल्या वाटेने, गवतावरून, त्यांच्या घराच्या दिशेने परत गेला. आजी उठल्या, स्टूल मिटलं, काखेत मारलं आणि चालू लागल्या.

“काय झालं?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

मेई हळूच आन्याशी बोलली आणि आजीमागे पळाली. आन्या आजोबांकडे न बघता म्हणाली, “त्यांच्या गावाला भिंत नाही. नेव्हर. कधीच नव्हती. घोडे कुठून येणार, विचारते ती.”

शुक्रवारी कुणीच आलं नाही. त्र्यंबकराव अंगणात उभेच राहिले. स्टूल नव्हतं आणि बसा म्हणणारंही कुणी नव्हतं. जेवताना त्यांनी आन्याला समजावलं, की पंचवीस गुण म्हणजे थोडे नव्हेत, शेवटची संधी आहे, ढाल तुझ्याच खोलीत लागणार आहे.

“शी वॉज इन अवर टीम, आजोबा,” आन्या म्हणाली आणि ताट उचलून गेली.

“लहान आहे. ढाल मिळाली की विसरेल,” त्र्यंबकराव म्हणाले.

“तुम्ही विसराल का?” वल्लरीने विचारलं. हातावरची ती फाटकन बसलेली चापट त्यांना आठवत होती आणि आठवून बरं वाटत नव्हतं.

शनिवारी दहा वाजता त्यांनी शेवटची चाचणी घेतली. आन्या खिशात हात घालून बाजूला उभी होती. नळ सुरू झाला, कालवे भरले, नळ्यांतून पाणी नीट बाहेर पडलं. त्र्यंबकरावांनी ऐटीत उलथनं खाली दाबलं. पाणी चौकात चढलं, मोडांच्या मुळाशी पसरलं, गल्ल्यांत शिरलं. कालव्यांना त्यांनी वाट ठेवली होती, पण चौक धुतलेलं पाणी कालव्याने जातच नाही. ते गल्लीगल्लीतून मोकळं सुटतं आणि सापडेल तिथून गावाबाहेर पडतं. आता ते चारी बाजूंनी भिंतीवर जाऊन आपटलं आणि मागे फिरलं. भिंत पक्की होती. थेंब गळला नाही. बघता बघता उंबरे बुडाले, कागदाचे मासे खरोखरच पोहायला लागले आणि तीन छपरं सुटून बाजारावर तरंगू लागली. लाँड्रीवाला मावळा गळ्याइतका पाण्यात.

“आजोबा,” आन्या म्हणाली, “यू बिल्ट अ डॅम.”

बांधलं होतं खरं. आयुष्यभर जे केलं तेच हात आपोआप करून बसले होते. त्र्यंबकरावांनी झटकन नळ बंद केला. अजून तास होता. चार बाजूंना चार मोऱ्या फोडायला वीस मिनिटं पुरली असती. तटबंदी राहिली असती, पाणीही गेलं असतं आणि पंचवीस नाही तरी वीस गुण कुठे जात नव्हते. त्यांनी खुरपं उचललंही. मग त्यांना ती दोन बोटं आठवली, भिंतीशी थांबलेली. मोरीतून पाणी जातं, घोडा जात नाही.

“आन्या, किल्ला तुझा आहे,” ते म्हणाले. “भिंत काढली तर ढाल गेली, हे लक्षात घे. तू सांगशील तसं.”

आन्याने मागच्या घराकडे पाहिलं. मग वाकून पहिली वीट तिनेच उपटली.

पाणी धबाधबा बाहेर पडलं. दोघांनी मिळून उरलेली भिंत उतरवली आणि त्र्यंबकराव तसेच, चिखलाने माखलेले, यांगांच्या मागच्या दाराशी गेले. त्यांच्याजवळ शब्द एकही नव्हता. आजींनी दार उघडलं. त्र्यंबकरावांनी दोन बोटं दाराच्या चौकटीवर ठेवली आणि टपटप चालवत आजींच्या दिशेने नेली. मग घोडा थांबला आणि त्याने मान खाली घातली.

आजींनी त्या बोटांकडे पाहिलं आणि काही तरी बोलल्या. मागून मेईने ते सांगितलं आणि धावत आलेल्या आन्याने हसू दाबत मराठीत आणलं. “म्हणते, घोडा फार घाण आहे.” तोवर आजी पायात बूट चढवत होत्या. स्टूल त्यांच्या काखेत होतं.

छपरं तुटलेली, टरफलं वाहून गेलेली आणि परीक्षक दारात. मंडळाचे संजय आणि मीनाक्षी वहीपेन घेऊन मागच्या अंगणात आले, तेव्हा तिथे चार जण चिखलात बसून भराभर बिया फोडत होते. यांगआजींनी परीक्षकांच्याही ओंजळीत बिया ओतल्या आणि पुढे डबा धरला. खायच्या आणि टरफलं टाकायची, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दोन घरांची कौलं परीक्षकांनीच पुरवली.

“काका, मस्तच आहे हे, पण तटबंदी?” संजयने विचारलं. मुलगा सज्जन होता, पण तक्त्याच्या बाहेर पाऊल टाकणारा नव्हता.

“काढली.”

“म्हणजे होती?”

“सकाळी दहापर्यंत होती.”

मीनाक्षीने खाली वाकून पाहिलं. “आणि हा मावळा काय करतोय?”

“लाँड्री,” आन्या आणि मेई एकदमच म्हणाल्या.

संजयने पेन खालीवर केलं. “काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. याला किल्ला कसं म्हणू आम्ही? तिथे शून्यच द्यावं लागेल. बाकीचे पकडून एक्केचाळीस होतात.” मग चौकातल्या मोडांकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. “हिरवळीला मात्र दहापैकी दहा. यंदा कोणाचीच एवढी उगवलेली नाही.”

परीक्षक गेले. ढाल गेली. त्र्यंबकरावांना आन्याकडे बघायचा धीर होईना. दहा वर्षांच्या पोरीचा शेवटचा किल्ला आपण आधी बुडवला आणि मग हरवला, असं त्यांच्या मनात आलं. सांत्वनाचं एखादं वाक्य जुळवून त्यांनी शेवटी मान वर केली, तर आन्या जागेवर नव्हती. ती आणि मेई लाल ढकलगाडीत लसणाच्या वाफ्यातली माती भरत होत्या. आजी पलीकडे गवतात उभ्या राहून काटकीने काही तरी आखत होत्या, आणि ती रेघ गावाच्या शेवटच्या घरापासून निघून सरळ यांगांच्या अंगणात चालली होती.

“अगं, आता माती कशाला? संपली ना स्पर्धा,” त्र्यंबकराव म्हणाले.

“स्पर्धा संपली. गाव कुठे संपलंय?” आन्या गाडी ओढत म्हणाली. “भिंतच नाहीये आजोबा, सो इट जस्ट कीप्स गोइंग. आजी म्हणते, इकडे अजून हाफ टाउन आहे. घोड्यांचा बाजार आहे. मग ती म्हणते, तुम्ही जिथे राहिलात ते नाशिकचं घर पण इथे घ्या, जागा आहे. आता थंडी येईल. उरलेलं नेक्स्ट इयर करू.”

“नेक्स्ट इयर तू मिडल स्कूलमध्ये ना?”

“सो?” आन्या म्हणाली आणि गाडी घेऊन पुढे गेली.

त्र्यंबकराव तिथेच उभे राहिले. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि डोळे पुसावेत तर हात चिखलाने बरबटलेले. ते विहिरीपाशी वाकले आणि हात बुचकळले, तिसऱ्या वाटीत. यांगआजींनी ते लांबून पाहिलं. मग येऊन स्टूल उलगडून त्यांच्याजवळ ठेवलं आणि उलथन्याकडे बोट दाखवलं.

त्र्यंबकराव बसले, नळ सुरू करायला त्यांनी वल्लरीला हाक मारली आणि चौक धुवायला घेतला.